गांजा झाडाचा आणि कारखान्यातला

कन्हानच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी विज्ञानगप्पा मारण्यासाठी आम्ही गेलो होतो. विषय होता रोजच्या जीवनातील रसायने. साबण, चुना, खाण्याचा सोडा, डांबराच्या गोळ्या असे करत करत तास संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. "सर, गांजा त झाडाचा राहते नं जी? मंग कारखान्यात कसा काय बनवते?" वर्गात हशा पिकला आणि वर्गशिक्षिकांच्या कपाळावर आठी उमटली. प्रश्न मात्र शुद्ध रसायनशास्त्राचा होता, आणि त्याचे नीट उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते. पुढच्या भेटीत सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. नंतर जे वाचले, ताडून पाहिले आणि पुढच्या भेटीत मुलांपुढे मांडले, ते येथे देत आहोत.

हा प्रश्न कन्हानच्या मुलाला पडावा यात नवल नाही. गावाजवळून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो, हावडा-मुंबई लोहमार्ग जातो. ओडिशा-आंध्र सीमेकडून येणारा गांजा नागपूर स्थानकावर गाडीतील बेवारस पिशवीत किंवा महामार्गावर मालमोटारीत सापडल्याच्या बातम्या मुले नेहमी वाचतात. महाशिवरात्रीला, होळीला भांग घोटली जाते, तीही त्यांनी पाहिलेली असते. त्यामुळे गांजा म्हणजे झाडपाल्याचा पदार्थ, फार तर वाईट सवय, असा त्यांचा समज असतो. त्यातच 'कृत्रिम गांजा' हा शब्द मोबाइलवरून त्यांच्या कानी येतो. कृत्रिम रेशीम, कृत्रिम नीळ, तसाच हा गांजा, अशी त्यांची समजूत होते. या एका शब्दामुळे जी गफलत होते ती जिवावर बेतू शकते.

आधी दोन-तीन गोष्टी बाजूला काढू. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या विमानतळावर पकडला जाणारा 'हायड्रो' गांजा कृत्रिम नव्हे. तो मातीऐवजी पोषकद्रव्ययुक्त पाण्यावर वाढवलेल्या झाडाचाच गांजा आहे. 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन. महाराष्ट्रात गाजलेले कृत्रिम मादक द्रव्य हेच. भारतात २०१५ मध्ये ते कायद्याच्या यादीत आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला तेव्हा ते घरोघरी माहीत झाले. ते कारखान्यात बनते हे खरे, पण त्याचा गांजाशी संबंध नाही. ते उत्तेजक असून 'खात' या आफ्रिकी-अरबी झुडपातील द्रव्याच्या कुळातले आहे. तिसरी गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. गांजातील मुख्य मादक रेणू प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवता येतो, आणि अमेरिकेत १९८५ पासून तो 'ड्रोनॅबिनॉल' या नावाने कर्करुग्णांची मळमळ थांबवण्यासाठी औषध म्हणून वापरला जातो. म्हणजे केवळ कृत्रिम असल्याने पदार्थ घातक ठरत नाही. लिंबातील क जीवनसत्त्व आणि कारखान्यातील क जीवनसत्त्व यांच्या रेणूंत काहीच फरक नसतो. 'कृत्रिम गांजा' म्हणून जे विकले जाते, त्यात मात्र गांजातील रेणू नसतोच.

गांजाच्या रसायनशास्त्राचा आरंभ हिंदुस्थानी मालापासूनच झाला. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वूड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी आपल्याकडील चरसाचे विश्लेषण करून पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नशा आणणारा खरा रेणू हाती लागायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षे गेली. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकूलम यांनी टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, थोडक्यात टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. संशोधनासाठीचा पाच किलो चरस मेकूलम यांनी पोलिसांकडून मिळवला आणि चक्क बसमधून नेला. सहप्रवासी त्या वासाने चकित झाले होते, असे ते पुढे सांगत. टीएचसीच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू आहेत. नायट्रोजन मुळीच नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी.

हा रेणू मेंदूत करतो काय? १९८८ मध्ये अमेरिकेत हाउलेट आणि डिव्हेन यांनी दाखवून दिले, की मेंदूतील चेतापेशींच्या पृष्ठभागावर टीएचसी नेमका बसेल असे प्रथिनांचे खाचे आहेत. अशा खाचांना 'ग्राही' म्हणतात. या ग्राहीला सीबी-१ असे नाव मिळाले. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की माणसाच्या मेंदूने गांजासाठी कुलूप का करून ठेवावे? म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. १९९२ मध्ये ती सापडली. डिव्हेन तेव्हा मेकूलम यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांनी या रेणूचे नाव आपल्या संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून 'आनंदमाइड' असे ठेवले. वर्गात हे सांगितले की मुले एकदम सावरून बसतात.

नाव आनंदाचे असले तरी या रेणूचे काम नियंत्रणाचे आहे. एक चेतापेशी दुसरीला रासायनिक संदेश पाठवते. संदेशांचा भडिमार होऊ लागला की ऐकणारी पेशी आनंदमाइड किंवा त्याचा भाऊबंद बनवून उलट दिशेने धाडते आणि बोलणाऱ्या पेशीला जणू सांगते, "बाई गं, जरा हळू." बोलणाऱ्या पेशीवरील सीबी-१ ग्राही हा निरोप घेतो आणि संदेश मंदावतो. निरोप गरजेपुरता, तेवढ्याच जागी आणि क्षणभर असतो. काम झाले की विकरे आनंदमाइडचे तुकडे करतात. स्मृती, तोल, भूक, भीती, वेदना यांच्याशी संबंधित भागांत सीबी-१ ग्राही दाटीने आहेत. गांजा ओढणारा मघाचे विसरतो, झोकांड्या खातो, खा-खा करतो, मध्येच घाबरतो, याचे कारण येथे आहे. टीएचसी हा निरोप सर्वत्र एकाच वेळी आणि तासन्‌तास देत राहते. श्वसनाचे केंद्र मेंदूच्या बुंध्यात असते, आणि तेथे हे ग्राही विरळ आहेत. म्हणून अफूवर्गातील द्रव्यांसारखा श्वास थांबून मृत्यू गांजाने सहसा होत नाही.

या ग्राहीशी खेळणे किती नाजूक आहे, हे औषध कंपन्यांनीही अनुभवले आहे. सीबी-१ बंद पाडून भूक कमी करणारे रिमोनाबँट हे वजन घटवण्याचे औषध २००६ मध्ये युरोपात आले. त्याने खिन्नता आणि आत्महत्येचे विचार येऊ लागल्याचे दिसताच २००८ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुलूप सापडल्यावर त्याची रचना कशी आहे हे जाणण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ निरनिराळ्या किल्ल्या घडवू लागले. अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठात जॉन हफमन यांनी १९९० च्या दशकात व पुढे असे शेकडो रेणू बनवले आणि त्यांना आपल्या नावाची आद्याक्षरे देऊन क्रमांक घातले. त्यातील जेडब्ल्यूएच-०१८ सर्वांत कुप्रसिद्ध झाला. त्याची रचना फळ्यावर काढून पाहावी. मध्ये नायट्रोजन असलेले इंडोलचे दुहेरी कडे, एका अंगाला डांबराच्या गोळीतील नॅप्थॅलीनचे दुहेरी कडे, आणि नायट्रोजनला लोंबणारी पाच कार्बनची शेपटी. टीएचसीच्या रेणूलाही पाच कार्बनची शेपटी असते. एवढे सोडले तर दोन्ही रेणूंच्या चित्रांत फारसे साम्य दिसत नाही. मात्र अवकाशातील त्यांचे आकारमान असे जुळते की दोन्ही एकाच कुलपात बसतात. जेडब्ल्यूएच-०१८ तर टीएचसीपेक्षा चार-पाच पट घट्ट बसतो.

घट्ट बसण्यापेक्षाही महत्त्वाचा फरक पुढे आहे. येथे आम्ही पंख्याच्या रेग्युलेटरचा दाखला देतो. रेग्युलेटर पाचापर्यंत जातो. टीएचसी हा असा हात आहे, की कितीही जोर लावला तरी तो रेग्युलेटर दोनच्या पुढे फिरवू शकत नाही. जास्त टीएचसी घेतले तर सगळे पंखे दोनवर फिरतील, पण पाचवर जाणार नाहीत. औषधशास्त्रात याला 'अंशतः कार्यक्षम' म्हणतात. जेडब्ल्यूएच-०१८ आणि त्याच्या कुळातील बहुतेक रेणू 'पूर्ण कार्यक्षम' आहेत. ते थेट पाचवर नेतात. शिवाय यकृतात जेडब्ल्यूएच-०१८ चे रूपांतर होऊन जे पदार्थ बनतात, त्यांतील काही स्वतःही या ग्राहीवर काम करीत राहतात. म्हणून 'नकली गांजा' हे नाव उलटे आहे. नकली मालाचा जोर अस्सलाहून कमी असतो अशी आपली व्यवहारातली समजूत, आणि येथे नेमके त्याच्या विरुद्ध घडते.

हफमन यांचे निबंध संशोधनपत्रिकांत छापले गेले. ते कोणीही वाचू शकत होते. २००४ च्या सुमारास युरोपात 'स्पाइस' नावाची चकचकीत पाकिटे विकू लागली. त्यावर वनौषधींची नावे असत, धूप म्हणून जाळण्यासाठी असल्याचे लिहिलेले असे, आणि 'मानवी सेवनासाठी नाही' अशी ओळही असे. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीत तपासणी झाली तेव्हा कळले, की झाडपाला निव्वळ दिखाव्याचा आहे. नशा येते ती त्यावर फवारलेल्या जेडब्ल्यूएच-०१८ सारख्या रसायनांनी. पांढरी पूड अॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवायची, वाळलेल्या पाल्यावर शिंपडायची, द्रावक उडून गेला की पाकिटे भरायची, एवढाच हा उद्योग.

याच कृतीत एक मोठा धोका दडलेला आहे. तो समजावा म्हणून कन्हानच्या दुसऱ्या भेटीत आम्ही एक प्रयोग केला, आणि तो कोणत्याही वर्गात करता येईल. परातीत मुरमुरे घेतले, ड्रॉपरने त्यावर निळ्या शाईचे दहा-बारा थेंब इकडेतिकडे टाकले आणि एका मुलीला हाताने नीट कालवायला सांगितले. मग दहा मुलांनी एकेक चहाचा चमचा मुरमुरे उचलून पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यात टाकले. काही पेल्यांत पाणी जेमतेम फिकट झाले, दोन पेले मात्र गडद निळे झाले. परात एक, कालवणारी एक, चमचाही तोच. मुलांनी लगेच ओळखले, की पाकिटातील पहिल्या चिमटीने काही झाले नाही म्हणून दुसरीनेही होणार नाही असे मुळीच नाही. एका मुलीने विचारले, "मंग पाकिटावर प्रमाण काहून नाही लिहित?" प्रमाण बनवणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि पुष्कळदा रेणू कोणता आहे हेही विकणाऱ्याला ठाऊक नसते.

घडते काय, याची नोंद झालेली उदाहरणे पाहू. १२ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावर एकाच वेळी ३३ माणसे सुन्न, डोळे थिजलेली, हळूहळू यांत्रिकपणे हातपाय हलवणारी अशी आढळली. त्यातील १८ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. तपासात एएमबी-फ्युबिनाका हा रेणू सापडला. त्याची शक्ती टीएचसीच्या सुमारे ८५ पट असल्याचे संशोधकांनी नोंदवले. पाकिटातील एक ग्रॅम पाल्यात तो सरासरी १६ मिलिग्रॅम होता. आपल्या बोटांच्या चिमटीत मावणाऱ्या मिठाच्या अगदी थोड्या कणांइतका!

बेशुद्धीखेरीज इतर लक्षणे म्हणजे छातीत जोरात धडधड, रक्तदाबात चढउतार, न थांबणाऱ्या ओकाऱ्या, झटके, भ्रम, हिंसक अस्वस्थता. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात तरुणांतही झालेले आहेत, मृत्यूही झाले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सहा राज्यांत १६ जणांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली. त्यांतील अनेकांत एक्सएलआर-११ हा तेव्हा नवा असलेला रेणू समान दुवा निघाला. गांजाचे असे दुष्परिणाम वैद्यांनी पाहिले नव्हते. नवा रेणू म्हणजे प्राण्यांवर किंवा माणसावर कसलीही चाचणी न झालेला रेणू. त्याची पहिली चाचणी गिऱ्हाइकावरच होते. २०१८ मध्ये तर इलिनॉय राज्यात दीडशेहून अधिक माणसे नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागल्याने रुग्णालयात आली, काही दगावली. त्यांनी ओढलेल्या मालात ब्रोडिफॅकूम मिसळलेले होते. हे उंदीर मारण्याचे औषध असून रक्त गोठू देत नाही. के जीवनसत्त्वाचे मोठे डोस महिनोन्‌महिने घेऊन हे रुग्ण बरे करावे लागले.

या सगळ्यावरून झाडाचा गांजा निर्धोक, असे कोणी समजू नये. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या गांजा-चौकशी आयोगाचा हवाला गांजाचे कैवारी आजही देतात. त्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, अतिसेवनाने होते, असा निष्कर्ष काढला, हे खरे. आपल्या मध्य प्रांतात तेव्हा निमाड जिल्ह्यातील सरकारी देखरेखीखालचा गांजा परवानाधारक दुकानांत मिळे. परंतु आयोगापुढे पौगंडावस्थेतील मेंदूविषयी आज जे कळले आहे ते नव्हते. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि सीबी-१ ग्राही त्या जडणघडणीत भाग घेतात. लहान वयात नियमित व तीव्र गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढलेला दिसतो. आणि प्रयोगशाळेतील या रेणूंना तर तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा निष्कर्ष मुळीच लागू पडत नाही.

कायदा या रेणूंच्या मागे धावतो आहे, पण दमछाक होते. जेडब्ल्यूएच-०१८ च्या शेपटीच्या टोकाला फ्लोरिनचा एक अणू जोडला की एएम-२२०१ तयार होतो. यादीत पहिला असेल आणि दुसरा नसेल, तर विकणारा सुटतो. २०१५ मध्ये हे दोन्ही आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आले, तोवर बाजारात पुढची पिढी आली होती. २००८ पासून एकट्या युरोपात असे अडीचशेहून अधिक वेगवेगळे रेणू नोंदले गेले आहेत. जुलै २०२१ मध्ये चीनने एकेक रेणू न मोजता संपूर्ण कुळावरच बंदी घातली. त्यानंतर त्या व्याख्येत न बसणारे नवे सांगाडे बाजारात आले. तपासणीचीही हीच गत. लघवीची नेहमीची गांजा-चाचणी टीएचसीपासून बनणारे पदार्थ शोधते. हे रेणू निराळे असल्याने चाचणी 'नाही' म्हणते आणि माणूस बेशुद्ध पडलेला असतो. त्यासाठी वस्तुमान वर्णपटमापकासारखे महागडे यंत्र लागते.

शिक्षकांच्या दृष्टीने आज सर्वांत जवळचा मार्ग पाल्याच्या पाकिटाचा नसून ई-सिगारेटचा आहे. हे रेणू तेलकट द्रवात सहज विरघळतात आणि ओढणाऱ्याला चव-वासावरून काही कळत नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाने शाळांतून जप्त झालेल्या ई-सिगारेटी तपासल्या, तेव्हा सुमारे सहांपैकी एकीत 'स्पाइस' निघाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. मुले ते साधे गांजाचे तेल समजून ओढत होती. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटीचे उत्पादन, विक्री आणि साठा यांवर बंदी आहे, तरी पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसणारी ही वस्तू दप्तरात सापडत नाही असे नाही. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत 'गर्द' पसरली, तेव्हा सिगारेटच्या पाकिटातील चांदीच्या कागदाचा अर्थ किती शिक्षकांना कळत होता? अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले, तेव्हा कोठे घराघरांत त्याविषयी बोलले जाऊ लागले. चांदीच्या कागदाच्या जागी आज ही नळी आहे.

एखादा विद्यार्थी असा कोसळलाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर त्याला एका कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जाणार नाही. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, लिंबूपाणी पाजणे हे आपल्याकडचे हमखास उपाय मुळीच करू नयेत. मूल खवळलेले असेल तर गर्दी हटवून शांत, कमी उजेडाच्या जागी ठेवावे. चार जणांनी दाबून धरू नये. याला खास उतारा नाही, रुग्णालयात लक्षणांवरच उपचार करतात. म्हणून जवळ सापडलेली पुडी किंवा नळी फेकून न देता डॉक्टरांच्या हाती द्यावी. गांजाची चाचणी 'नाही' आली तरी काय पाहिले ते डॉक्टरांना सांगावे.

पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने शाळा आणि पालक पुष्कळदा गप्प बसतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार थोड्या प्रमाणातील द्रव्याबद्दल आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार पूर्ण करील, तर तिच्यावरील खटल्यातून तिला सूट मिळू शकते. अल्पवयीन मुलाला मादक द्रव्य देणाऱ्यास मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीविषयक सल्ल्याची दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. कन्हानच्या त्या वर्गात आम्ही १०८ आणि १४४४६ हे दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले. वर्गशिक्षिकांनी त्याभोवती चौकट आखली आणि पुसू नका असे लिहून ठेवले.